परत आलेला बस्ता

३ फेब्रु. २००४, मंचर
दुकानावर पाटी लागली. ‘साडी, ड्रेस पसंत नसल्यास पैसे परत. आमची जीप घरी येऊन नेईल, फुकट.’ हायवेवरच्या नव्या दुकानानं गिऱ्हाईक ओढलं, म्हणून ह्यांनी हे काढलं. मी म्हटलं, डिझेल कोण घालणार? म्हणाले, “आधी माणूस पायरी तर चढू दे.”

२२ फेब्रु.
लग्नसराईची गर्दी. जेवायला घरी जाता आलं नाही. हे कितीतरी दिवसांनी हसले. मलाही वाटलं, जमलं.

१४ मार्च
अवसरीहून सहा साड्या परत. एकीच्या पदराला हळद, घामाचा वास. बाई म्हणाली, “नेसले न्हाई वैनी, नुसती घडी मोडून पाह्यली.” ह्यांनी मुकाट्यानं पैसे दिले. साडी मी घरी धुतली, इस्त्री केली. तकाकी गेली ती गेलीच. पुण्याचा व्यापारी आमच्याकडून काही परत घेत नाही.

६ एप्रिल
हे जीप घेऊन डिंभ्याला. अख्खा दिवस मोडून दोन परकर परत आणले. जेवले नाहीत.

२१ एप्रिल
आहुप्याचे कोंडिबा आले. महिन्यापूर्वी मुलीच्या लग्नाचा बस्ता इथेच बांधला होता. लग्न मोडलं. जीप मागवली नाही, गठुडं डोक्यावर घेऊन एसटीनं आले. सगळं कोऱ्या घडीत, कागदासकट. “पोरीनं हात बी लावला न्हाई.”
गल्ल्यात तेवढे पैसे नव्हते. हे खाली मान घालून म्हणाले, “दुसरं काही बदलून न्या, भाऊ.”
“काय नेऊ राव बदलून?”
मला तिथं उभं राहवेना. हे म्हणाले, पुढच्या बाजाराला या, नक्की देतो. कोंडिबा गठुडं ठेवून गेले. पावतीसुद्धा मागितली नाही.

२८ एप्रिल
बाजार. कोंडिबा आले नाहीत. आहुप्याची गाडी आली नाही म्हणे. आली असती तरी हातात काय ठेवणार होतो.

३० एप्रिल
एका बाईला हिरवा शालू हवा आहे, पुऱ्या किमतीला. आमच्याकडं तसा एकच, कोंडिबांच्या गठुड्यातला. ह्यांनी गाठ सोडली. मी आत बोलावून म्हटलं, तो आपला नाही.
“मग कुणाचा?” म्हणाले.
बाई बाहेर बसून आहे.