वेळ मागच्याची धरतात

१४ ऑक्टोबर, रविवार

ही माझ्या आधी वर पोचली. पुन्हा!

मी धापा टाकत आलो तर ही दगडावर बसून केळं खात होती. म्हणाली, मला वाटलं तुमची चेन पडली. चेन पडली असती तर बरं झालं असतं. निदान तोंड दाखवायला जागा तरी राहिली असती.

अकरा वर्षं मी डोंगरात सायकल मारतोय. ही दोन वर्षं, आणि तीसुद्धा वजन कमी करायला म्हणून. गिअर कधी बदलायचे, चढावर अंग कुठं झुकवायचं, सगळं मी शिकवलं. गुरूची विद्या गुरूला! डिसेंबरातल्या सहा दिवसांच्या स्पर्धेला माझा जोडीदार खरं तर माझा मित्र होता. त्याची बदली झाली, प्रवेश तर घेऊन ठेवलेला, म्हणून हिला म्हटलं, चल सोबतीला. सोबतीला म्हणे. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला.

१६ ऑक्टोबर

नियम नीट वाचले. जोडी म्हणजे जोडी. दिवसभर दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं, आणि शेवटी जोडीची वेळ धरतात ती मागच्याची. म्हणजे ही वाऱ्यासारखी गेली तरी उपयोग नाही. लेक जेवताना म्हणाली, "म्हणजे बाबा, आई कितवी येणार ते तुमच्यावर आहे." मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

१९ ऑक्टोबर

सायकलवाल्याकडे गेलो होतो, दोघं. त्यानं एक रबरी दोरी काढली. चढावर दमणाऱ्याला दमदारानं ओढायची सोय – पुढच्याच्या सीटपासून मागच्याच्या हँडलपर्यंत. स्पर्धेत चालते. पण कुणाच्या सीटला बांधू, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. सरळ हिच्या सीटला बांधली!

२१ ऑक्टोबर, रविवार

बाजारात नेतात त्या बकरीसारखा हिच्या मागं मागं चढ चढलो. गाववाले बघत होते.

उतारावर मात्र मी राजा. ही उताराला घाबरते, ब्रेक दाबून धरते. मी खाली जाऊन आरामात उभा राहिलो, ही आल्यावर मुद्दाम घड्याळ बघितलं. वाटलं, चिडेल. चिडली नाही. हसली, आणि म्हणाली, उतार शिकवा ना मला. असं बोलल्यावर माणसानं काय करायचं!

२६ ऑक्टोबर

दातांच्या डॉक्टरीणबाईंची जोडीदार पडली म्हणे, गळपट्टीचं हाड मोडलं. या भागात बायकांत त्यांच्याइतकं जोरात कुणी चढत नाही. वाईट वाटलं.

२७ ऑक्टोबर

आता वाईट वाटत नाही.

सायकलवाल्यानं मला एकट्याला गाठलं. डॉक्टरीणबाईंना वहिनी हव्यात. वहिनी मिळाल्या तर पहिल्या तीन जोड्यांत नक्की, असं बाईंचं म्हणणं. जोडी बदलायची मुदत सतरा नोव्हेंबर, तेव्हा तुम्ही वहिनींच्या कानावर घाला. मी म्हटलं, घालतो.

गेल्या वर्षी याच बाईनं माझी अक्कलदाढ उपटली. आता बायको उपटायला निघाली!

घरी आलो. ही रुग्णालयातली पाळी संपवून नुकतीच आली होती, कपडे वाळत घालत होती. सायकलवाला काय म्हणत होता, विचारलं. मी म्हटलं, ब्रेकचे पॅड झिजलेत. ही माझ्याकडे जरा बघत राहिली. मग म्हणाली, बदलून घ्या मग.

३० ऑक्टोबर

नाही सांगितलं.

४ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या. भेटल्या कसल्या, टपूनच बसल्या असतील. आज दोरी नको, असं मीच म्हणालो होतो – कुठून बुद्धी झाली! दोघी पुढे गेल्या. बोलत बोलत चढत होत्या. त्या चढावर मला श्वास पुरत नाही आणि या गप्पा मारतात! वळणावर हिचं हसणं ऐकू आलं. मग तेही येईना.

मत्सर वगैरे शब्द पुस्तकात ठीक आहेत. मी जळतो, सरळ जळतो. हिच्या पायांवर जळतो. दिवसभर वॉर्डात उभी असते ती, आणि मी चष्म्याच्या दुकानात बसून काचा घासतो, तरी पाय माझेच दुखतात. त्या बाईवर तर जास्तच जळतो. कारण तिच्यासोबत ही जशी गेली तशी माझ्यासोबत कधी गेलीच नव्हती. ही इतकी जोरात जाते हे मला आज कळलं. दोन वर्षं ही माझ्यासाठी हळू चालवत होती.

बाई हिच्याशी बोलल्या असतील का? नाही. बोलल्या असत्या तर हिनं घरात पाऊल टाकायच्या आत सांगितलं असतं. हिच्या पोटात काही राहत नाही.

८ नोव्हेंबर

संध्याकाळी ही शेजारी येऊन बसली. तुम्हाला काही सांगायचंय का, म्हणाली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. न दुखणारा गुडघा तासभर शेकून घेतला.

११ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा हिनं अख्खा उतार ब्रेकवर न बसता मारला. अगदी माझ्या मागोमाग. खाली येऊन हेल्मेट काढलं, चेहरा लाल झालेला. "तुमच्या चाकाकडेच बघत आले. म्हणून भीती वाटली नाही."

मला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. पण ही हो म्हणाली असती तर? कोण नाही म्हणेल! मी हिच्या जागी असतो तर माझ्यासारख्याला केव्हाच सोडून गेलो असतो. म्हटलं, मुदत जाऊ दे. मग हसत हसत सांगू – अगं, ती बाई तुला मागत होती!

१४ नोव्हेंबर

ही हल्ली चिडवत नाही. चढावर माझ्या पाठीवर हात ठेवून ढकलते. मी जरा सुधारलोय बहुतेक.

१५ नोव्हेंबर

सायकलवाल्यानं विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? मी म्हटलं, नको म्हणाली. तो असं का, म्हणाला आणि पाना पुसत राहिला. खूप वेळ पुसला.

१६ नोव्हेंबर

ही विचारत होती, जोडी बदलायची मुदत उद्याच संपते ना? चोराच्या मनात चांदणं! नियमांत लिहिलंय ते, हिनंही वाचलं असेल. का गं, विचारलं. सहज, म्हणाली. मग पुन्हा, "तुम्हाला नक्की काही सांगायचं नाही ना?" मी म्हटलं, गुडघा बराय आता.

१७ नोव्हेंबर, शनिवार

संपली मुदत! सहा वाजता त्यांचं कार्यालय बंद होतं. सहाला पाच कमी असल्यापासून मी दुकानातल्या घड्याळाकडे बघत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, अहो, चष्मा मला करायचाय, घड्याळाला नाही. सहा वाजले आणि जीव भांड्यात पडला.

येताना हिला नवे हातमोजे घेतले. चांगले, जाड तळव्याचे. उतारावर हाताला मुंग्या येतात म्हणत होती. सहाच्या सहा दिवस आता ही माझ्यासोबत. हिनं ते घालूनसुद्धा बघितले नाहीत, पिशवीतच ठेवले. दमली असेल.

१८ नोव्हेंबर, रविवार

ही काल दुपारीच जाऊन नाव बदलून आली होती. सकाळी सांगितलं. बाईंनी सायकलवाल्याला सांगायच्याही आधी हिलाच विचारलं होतं.

"मी नाहीच म्हणणार होते. तुम्ही मला सांगितलंत, की लगेच तुमच्यासमोरच फोन करून नाही म्हणायचं, असं ठरवलं होतं. काल दुपारपर्यंत वाट बघितली."