बिननावाचे चाळीस गोळे

नारीनजवळ, १२ एप्रिल १९४३

चि. एसेनबाय यास मुकाशकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी तब्येत बरी ना? मेजरसाहेबांचा खोकला थांबला का? पहारेकऱ्याचा गुडघा, खेचराचा खूर? इकडे बुरुलकाकू ठणठणीत. माझे दात तेवढे एकेक करून रजेवर चाललेत. जिपार तुझ्या सप्टेंबरच्या रजेकडे डोळे लावून आहे. तिचे वडील म्हणतात, या खेपेला नवरदेव आला नाही तर दुसरं स्थळ बघेन.

विषारी रसायनांच्या कोठारात जेवण बेताचंच असणार, म्हणून काकूने चक्का खारवून वाळवलेले कुरुतचे चाळीस गोळे धाडलेत. पिशवीवर काही लिहिलं नाही. कुरुत न ओळखणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

माया असू दे.
तुझा मुकाशकाका

रसायन कोठार, २० मे

ती. मुकाशकाकांस शि. सा. न.

न ओळखणारे इथे दोनशे आहेत. मी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे पोचवायला पुढच्या ठाण्यावर गेलो असताना इथे पिशवी उघडली. पांढरं, टणक, आंबूस, वर नाव नाही. नियमाप्रमाणे भोंगा वाजला, सगळ्यांनी मुखवटे चढवले, खेचरालाही चढवला. परतलो तर अज्ञात रसायन आणल्याचा ठपका माझ्यावर. खायची वस्तू आहे म्हटलं, तर मेजर ग्रेबनेव म्हणाले, हा दगड आहे, खाऊन दाखव. दोन खाल्ले. मग म्हणाले, विष सावकाश भिनणारं असेल.

तपासणी संपेपर्यंत माझी रजा बंद. तपासणी ते स्वतः करतात, चहाच्या वेळी, दार लावून. दर आठवड्याला शेरा एकच: निष्कर्ष नाही, आणखी नमुना घ्यावा. तीनच गोळे उरलेत, ते मी लपवून ठेवलेत. जिपारला काय सांगू?

आपला एसेनबाय

नारीनजवळ, १८ जून

चि. एसेनबाय यास अ. आ.

दगड म्हटल्यावर काकू चिडली होती, पुढचं ऐकून हसत सुटली. अरे वेड्या, रसायनं ओळखायला शिकलास, माणूस नाही. साहेबांना चटक लागलीय.

उरलेले तीन गोळे आजच खाऊन टाक. मग सोबतची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेव. तीत लिहिलंय: साहेबांस सलाम. तपासणी अर्धवट राहू नये म्हणून पोतंभर नमुना तयार आहे. टपालाने धाडला तर पुन्हा भोंगा वाजेल, तरी ज्याच्यावर ठपका आहे त्या जबाबदार अधिकाऱ्याने, म्हणजे एसेनबायने, जातीने येऊन न्यावा. नमुना नीट वाळायला दहा दिवस लागतात, तेही सप्टेंबरातच.

जिपारच्या वडिलांना लग्नाच्या जेवणाचा मेंढा बांधून ठेवायला सांगितलंय. घोडा घेऊन नाक्यावर कुठल्या दिवशी उभा राहू, तेवढं उत्तर लवकर धाड.

तुझा मुकाशकाका