माझं मशीन माझंच ऐकतं

४ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोज लिहिणार. कॉम्प्युटरमध्ये नाही, वहीत. वही हँग होत नाही, वहीला चार्जर लागत नाही, आणि वही मला पासवर्ड विचारत नाही.

दुकानात भरतकामाचं मशीन आलं. कॉम्प्युटरवर चालतं. पेन ड्राइव्ह खुपसायचा, बटण दाबायचं, फूल तयार. हे म्हणाले, अगं, पण चालवणार कोण? मी म्हटलं, मी. यांचं आयुष्य कापडाच्या कटिंगमध्ये गेलं, आणि तोंडात कायम तेच, अगं, पण. शाळा मी चौथीत सोडली, कारण पुढे काही नवीन शिकवतील असं वाटलं नाही.

कंपनीचा माणूस दोन तास समजावत होता. मला पाच मिनिटांत सगळं कळलं, म्हणून मी वर स्वयंपाकाला निघून गेले. सून ऐकत बसली. कागदावर काहीबाही उतरवूनही घेतलं. ज्याला कळत नाही तो लिहून घेतो.

५ फेब्रुवारी

समोरचा टेलर मशीन बघायला आला. मी त्याला टाचणी म्हणते. तसाच बारीक, तसाच टोचतो. त्याच्याकडेही असलंच मशीन आहे, दुसऱ्या कंपनीचं. म्हणाला, वहिनी, तुमच्या मशीनबरोबर सॉफ्टवेअर फुकट मिळालंय ना? फुकटातलं कधी टिकत नाही, आमचं विकतचं आहे. मी म्हटलं, भाऊजी, हवासुद्धा फुकट मिळते, तुम्ही विकत घेता का? मग म्हणाला, आमच्या मशीनचा स्क्रीन मोठा आहे. मी म्हटलं, ज्याला कमी दिसतं त्याला मोठा लागतो.

माझे डोळे उत्तम आहेत. हल्ली अक्षरंच बारीक छापतात. कागद वाचवतात मेले.

८ फेब्रुवारी

मोठं काम आलं! फिजिओथेरपी सेंटरच्या बाई आल्या होत्या. पाठ, मान, गुडघे, काय दुखेल ते दाबून चोळून मोकळं करून देतात. नवी शाखा उघडतायत. सगळ्या स्टाफचे पांढरे कोट शिवायचे आणि खिशावर त्यांचा लोगो भरायचा, झाड आणि खाली सेंटरचं नाव. हे जमलं तर सगळ्या शाखांचे कपडे कायमचे आमच्याकडे. नाही जमलं तर टाचणी समोर बसलेलाच आहे. बाई त्याच्याकडेही जाऊन आल्यात, हे त्यानेच मला मुद्दाम येऊन सांगितलं.

मी बाईंना म्हटलं, मशीन माझ्या बोटांवर नाचतं. हे खोकले. यांना धूळ सोसत नाही.

९ फेब्रुवारी

बाईंनी लोगो फोनवर पाठवला. मी पेन ड्राइव्हमध्ये घालून मशीनला लावला. मशीन म्हणालं, फाइल नाही. अहो, आहे की! मी डोळ्यांनी बघून घातली!

सून म्हणाली, आई, ती जेपीजी आहे, म्हणजे फोटो. मशीनला डीएसटी लागते. फोटोला नुसते रंग माहीत असतात, मशीनला सुई कुठे घालायची ते एकेक टाक्यासकट सांगावं लागतं. मी म्हटलं, मला झाड दिसतंय, तुला दिसतंय, टाचणीला रस्त्यापलीकडून दिसतंय, मग मशीनलाच का दिसू नये? चष्मा लागलाय का त्याला?

सून हसली. हसायला काय झालं?

९ फेब्रुवारी, दुपारी

उपाय सापडला. कॉम्प्युटरवर फाइलच्या नावामागे जेपीजी लिहिलेलं असतं. ते खोडलं आणि डीएसटी लिहिलं. झाली डीएसटी! एवढ्यासाठी लोक कोर्स करतात.

सून म्हणाली, नाव बदलून आतलं बदलत नाही, आई. मी म्हटलं, लग्नानंतर माझं आडनाव बदललं, मी या घरात चालले की नाही? यावर हे कटिंग टेबलावरून म्हणाले, आडनाव बदललं, स्वभाव कुठे बदलला. यांना एरवी काही सुचत नाही.

मशीनने अजून फाइल घेतली नाही. विचार करत असेल. नवीन आहे.

१० फेब्रुवारी

घेतली!! सकाळी पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं, आणि चिंधीवर झाड उगवलं. हिरवी पानं, तपकिरी खोड, खाली नाव. मी टाळ्याच वाजवल्या. नाव बदललेलं अंगात मुरायला वेळ लागतो, एवढंच होतं. लोणच्यासारखं.

सून काल संध्याकाळभर कॉम्प्युटरपुढे डोळे चोळत बसली होती. काय बघत होती कोण जाणे. आज जांभया देतेय. मी म्हटलं, तुझ्या डीएसटीचं काय झालं? बघितलंस? म्हणाली, बघितलं, आई.

बाईंना चिंधी दाखवली. खूश! म्हणाल्या, ताई, अगदी असंच हवं. मी म्हटलं, माझं मशीन माझंच ऐकतं.

१२ फेब्रुवारी

सुनेने मला न विचारता सॉफ्टवेअर अपडेट केलं. सगळी बटणं इकडची तिकडे! माझं बटण डावीकडे होतं, आता उजवीकडे गेलंय. आपल्या घरात कोणी चुली हलवतं का विचारल्याशिवाय? म्हणाली, आई, नाही केलं तर उद्या बंद पडेल. मी म्हटलं, माझी आत्या पंचाण्णव वर्षं जगली, एकदाही अपडेट केली नव्हती.

शिवाय ती एकेक फाइल तीन ठिकाणी ठेवते. पेन ड्राइव्हमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, आणि वर कुठे तरी ढगात. विचारलं तर म्हणाली, ढग म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी कॉम्प्युटर. म्हणजे आपलं सामान शेजाऱ्याच्या माळ्यावर! आणि हिला म्हणे झोप लागते.

जाहीर केलं: आजपासून या मशीनला माझ्याशिवाय कोणी शिवायचं नाही.

१३ फेब्रुवारी

तोंडी सांगून या घरात भागत नाही. मशीनच्या कव्हरवर भरतकामात लिहून टाकायचं ठरवलं: हात लावायचा नाही. करायला सुनेलाच सांगितलं. (माझ्या हाताला पीठ होतं.) शेवटचं एकदा हात लाव आणि तेवढं करून टाक, म्हटलं.

केलं तिने. हिरव्या दोऱ्यात. पण एवढीशी अक्षरं! खिशाएवढी पट्टी. म्हणाली, आपल्या फ्रेममध्ये एवढंच बसतं. हे म्हणाले, अक्षर मात्र सुंदर आलंय हो सूनबाई. मला तर धड दिसलंसुद्धा नाही.

दिवसभर सून गप्प होती. समजूतदार झाली म्हणायची.

१५ फेब्रुवारी

सून माहेरी गेली, तिच्या बहिणीला बाळ झालंय. जाताना तेच तेच बोलत होती. पेन ड्राइव्हमध्ये दोनच फायली आहेत, आई. एक नंबर लोगो, दोन नंबर कव्हरची पट्टी. नावं बदलू नका, काही पुसू नका, अडलं तर फोन करा. मी म्हटलं, बाई गं, तू चाललीस बाळ बघायला, मी बाळ नाहीये.

कोट शिवून तयार. आता फक्त लोगो.

१७ फेब्रुवारी

आज पेन ड्राइव्ह आवरला. एक आणि दोन, ही काय नावं झाली? कैद्यांना देतात तशी. मी दोघींना छान मराठी नावं दिली, सुई आणि कात्री. मशीनला लावलं तर स्क्रीनवर नुसते चौकोन. एक चौकोनांची रांग, दुसरी चौकोनांची रांग. यात लोगो कुठला, पट्टी कुठली? कॉम्प्युटरवर नावं दिसतात, पण सुई कोणती आणि कात्री कोणती हे या चौकोनांनी मला विसरायला लावलं. मशीन चित्र दाखवतं, पण नखाएवढं. मुंगीला विचारावं लागेल.

हे म्हणाले, अगं, पण सूनबाईला फोन. मी म्हटलं, खबरदार.

डोकं चालवलं. कॉम्प्युटर फाइलचं वजन सांगतो. एक जाड होती, एक बारीक. आता, झाड म्हणजे काय? दोन पानं आणि एक खोड. वाक्यात अक्षरं किती, काने किती, वेलांट्या किती! म्हणजे जाड ती पट्टीची, बारीक ती लोगोची. जाड पुसली. कॉम्प्युटरमधलीही पुसली. आता गोंधळ व्हायला जागाच नाही. राहिलेल्या फाइलचं नाव ठेवलं फायनल.

हा हिशेब टाचणीच्या बापाला तरी जमला असता का?

१८ फेब्रुवारी, सकाळी

सुरू केलं. चिंधीवर झाड भरलं तेव्हा वीस मिनिटं लागली होती. आज सात! मशीनने दुसऱ्या रंगाचा दोरासुद्धा मागितला नाही. वेळ वाचला, दोरा वाचला. सून घरात नसली की मशीनसुद्धा झटून काम करतं.

यांना एकच काम दिलंय: झालेला कोट काढायचा, नवीन लावायचा, बटण दाबायचं. पहिला कोट निघाल्यावर हे म्हणाले, अगं, पण यावर तर. मी म्हटलं, तुमचं अगं पण आज नको. कव्हरवर काय लिहिलंय? म्हणाले, हात लावायचा नाही. मी म्हटलं, मग तोंडही लावायचं नाही. म्हणाले, अगं, तेच तर सांगतोय. मी म्हटलं, कळलंय ना, मग झालं तर.

आता टाचणीकडे जाऊन बसते. त्याने सकाळपासून आमच्या मशीनचा आवाज ऐकावा आणि मी त्याच्यासमोर बसून चहा प्यावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

१८ फेब्रुवारी, दुपारी

काय मजा आली! मी टाचणीला सगळं सांगितलं, जेपीजी, डीएसटी, जाड फाइल, बारीक फाइल. त्याचं तोंड उघडंच. तेवढ्यात आमच्या दारात हे आले आणि कोट दोन्ही हातांनी उंच धरून नाचवायला लागले. खिशाकडे बोट काय दाखवतायत, हात काय हलवतायत! लग्नाच्या दिवशी हा माणूस एवढा खूश नव्हता. मीही हात हलवला.

टाचणीने चष्मा पुसून रस्त्यापलीकडे निरखून बघितलं. आणि एकाएकी इतका प्रेमळ झाला! म्हणाला, वहिनी, बसा हो, घाई काय आहे, आणखी एक चहा घ्या. बिस्किटंही मागवली. इतक्या वर्षांत याने कोणाला बिस्किट दिलेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्याची कला बघून माणूस असा नरम होतो.

म्हणाला, सगळे कोट आजच उरकून टाका, मध्ये थांबू नका. मी यांना तिथूनच ओरडून सांगितलं, थांबू नका!

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी

सगळे कोट झाले. खिशावर हात फिरवला. टाके एकदम घट्ट. झाड हाताला जरा लांबट लागलं. हे कोपऱ्यात बसलेत, डोक्याला हात लावून. दमले.

उद्या बाई बघायला येणार.

१९ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी

बाई आल्या. मी पहिला कोट त्यांच्यासमोर पसरला. त्यांनी वाचलं. मग दुसरा उचलला, तो वाचला. मग तिसरा. मग मला विचारलं, ताई, हे काय आहे?

मी म्हटलं, तुमचं झाड.

बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. हात लावायचा नाही.

म्हणाल्या, ताई, आमच्याकडे माणसं हात लावून घ्यायलाच येतात.

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, अगं, पण मी तर. आणि मग पुढचं बोललेच नाहीत. मी टोकेन म्हणून वाट बघत थांबले असणार. मी टोकलं नाही. बाईंनी शाखा उघडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत दिली आणि थेट रस्ता ओलांडून टाचणीच्या दुकानात गेल्या. काचेतून दिसत होतं. चेहरे धड दिसत नव्हते, पण बिस्किटांची बशी दिसली.

लोगोची फाइल कुठेच नाही. मीच पुसली. दोन्हीकडून.

यांनी सुनेला फोन केला. मी नको म्हटलं नाही.

२० फेब्रुवारी

सून पहिल्या गाडीने आली. दारातच मी म्हटलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरने घात केला. तिने कोट उचलला, वाचला, खाली ठेवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. हे हसायला लागले. मी दोघांना झापणार होते, पण तोंड उघडलं तर भलताच आवाज निघाला. मीच हसत होते. तिघं जमिनीवर बसून हसलो.

मग ती उठली आणि फोनमधून ढगातली फाइल खाली आणली. पाच मिनिटं. शेजाऱ्याच्या माळ्यावर आमचं झाड सुखरूप होतं.

अक्षरं उसवली तर पांढऱ्या कापडावर भोकं राहतील, म्हणाली. म्हणून लोगो वेगळ्या कापडावर भरून वरून पट्टी लावायची. हे पट्ट्या कापतायत, ती भरतेय, मी हाताने टाके घालतेय. सुईत दोरा ती ओवून देते. मला ओवता येतो, पण तिच्या जवळ असते सुई.

विचारलं तिला, १० तारखेला चिंधीवरचं झाड कसं काय आलं होतं? म्हणाली, आदल्या संध्याकाळी एकेक टाका मी काढला होता, आई. मी म्हटलं, मला वाटलंच होतं. वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

बाई आल्या. झाडं बघून खूश. एक कोट राहून गेला होता, खाली तसाच, आमचं वाक्य असलेला. तो हाती लागला आणि बाई इतक्या हसल्या की त्यांच्याच पाठीत उसण भरली. सुनेने पाणी दिलं, यांनी खुर्ची दिली. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, सगळ्या शाखांचं काम तुम्हालाच. फक्त एक अट. मशीनवर सूनबाई बसणार.

मी म्हटलं, बाई, मी तेच सुचवणार होते.

हे खोकले.

उरलेला कोट यांनी मागून घेतला. दिवसभर घालून फिरतायत. भांडी उचला म्हटलं की खिशाकडे बोट दाखवतात.

२६ फेब्रुवारी

चष्मा आला. चष्मेवाला म्हणाला, ताई, हा नंबर बऱ्याच वर्षांचा आहे. त्याचं मशीन जुनं दिसलं, अपडेट केलेलं नसणार.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं, एकदा बटण दाबून बघावं, सहज. कव्हर सुनेने बदललेलं नाही. पट्टी तीच, दोरा तोच, वाक्य माझंच.

अक्षर खरंच सुंदर आहे. दारातूनच वाचता आलं.