टीएलएसची टिक

मंगळवार, संध्याकाळ. विश्रांतवाडी.

आईचा बायॉप्सीचा रिपोर्ट बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आठवडाभर उघडत नव्हता, म्हणून ऑफिसातून थेट माहेरी आले. ब्राउझर म्हणतो, सुरक्षित कनेक्शन होत नाही. सेटिंग बघितलं तर टीएलएसपुढची, म्हणजे त्या सुरक्षित कनेक्शनच्याच पर्यायापुढची, टिक काढलेली. ती आपोआप जात नाही. मग काढली कुणी? आई तर माउसलाही हात लावत नाही.

टिक लावली, लॅबचं पान उघडलं, वाचलं. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

बाबा मागेच उभे होते. "झालं समाधान? मोठी इंजिनीअर." आवाज कापत होता. म्हणजे त्यांनी कधीच वाचलाय.

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "उघडलं का गं?"

मी टिक पुन्हा काढली.

"नाही आई. त्यांची साइटच बंद आहे."