काणुम पोंगलनंतरचं पाणी

अंबत्तूर,
२५ मार्च १९६४

प्रिय भवानी,

हे पत्र आईला जवळ बसवून वाच. बाळ निजलेलं असेल तेव्हा वाच. खुशालीची दोन पत्रं लिहून मी फाडून टाकली, कारण इथं सगळं खुशाल नाही, आणि तुला खोटं लिहायला माझा हात वळेना.

तू डिसेंबरात तंजावरला गेलीस, म्हणून यंदाचा काणुम पोंगल तू पाहिला नाहीस. आम्हा सांगलीकरांना तुमच्या ह्या सणाचं भारी अप्रूप. शिदोरी बांधायची आणि नदीकाठी, तळ्याकाठी गोतावळ्यासकट दिवस काढायचा. यंदा आपल्या क्वार्टर्समागच्या तळ्यावर मद्रासहून लॉऱ्या भरभरून माणसं आली. मी आणि आपल्या रांगेतली त्रिपुरसुंदरी दुपारी बांधावर गेलो होतो. तिचा गुंडो कडेवर होता. नवीन चालायला लागलेला, सारखा खाली उतरू पाहणारा. पायऱ्यांवर बायका चिंचेच्या भाताची पातेली घासत होत्या, पोरांना साबण लावून पाण्यात सोडत होत्या. एकानं लॉरी थेट तळ्यात घालून धुतली. लोक आडोशाला म्हणून बांधाच्या आतल्या उतारावर, झुडपांमागे जात होते. आणि बाहेरचेच होते असं नाही, आपल्या रांगेतलीही ओळखीची तोंडं होती. मला नुसती किळस आली. भीती वाटायला हवी होती, ती मात्र वाटली नाही. दोन दिवसांनी अवकाळी सर आली आणि उतारावरची सगळी घाण धुऊन तळ्यात गेली. त्याच तळ्याचं पाणी पंपघरातून आपल्या नळाला येतं, हे आपल्याला माहीत नव्हतं का? होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात येणं ह्यांत केवढं अंतर असतं, ते मला आता कळलं.

जानेवारीअखेरीपासून एकेका घरात ताप शिरला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. आपल्या रांगेत एकही घर असं राहिलं नाही, जिथं कोणी अंथरुणाला खिळलं नव्हतं. आणि भवानी, तुला हे कोणी कळवलं नसेल. गुंडो गेला. तुझ्या स्वयंपाकघरात रांगत येऊन लाटणं पळवणारा गुंडो. तापाच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं पाणी मागितलं, त्रिपुरसुंदरीनं पाजलं, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. हे धावत डॉक्टरांना घेऊन आले, पण उपयोग नव्हता. ती रडली नाही. मांडीवर मूल घेऊन नळाकडे बघत बसली होती. तो नळ थेंब थेंब गळत होता. मी उठून घट्ट बंद केला, तरी गळतच राहिला.

आरोग्य खात्याचे निरीक्षक पाण्याचे नमुने घेऊन गेले. परत आले ते बांधावर उभे राहून आम्हाला सांगू लागले, की पंपघरात औषधाची पूड टाकतात, पण एवढी घाण आल्यावर ती पुरी पडली नाही. त्यांनी बोटानं जागा दाखवली. माणसं पातेली घासत होती त्या पायऱ्या आणि पंपघराचा पाणी ओढणारा नळ ह्यांत आपल्या अंगणाएवढंही अंतर नाही. मी त्या पायऱ्यांवर कितीदा पाय सोडून बसले आहे. त्या दिवशी मात्र मला तिथं उभं राहवेना.

मग रविवारी रविवारी आम्ही बायका बांधावर जाऊ लागलो. ह्यांनी आणि इतर पुरुषांनी बांधाच्या बाहेर, खालच्या अंगाला चर खणून तट्ट्यांचे आडोसे उभे केले, उष्ट्या पानांसाठी खड्डा केला. सहलीला येणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगायचो, की पाणी कळशीनं वर न्या, भांडी, कपडे तिकडे लांब धुवा, मुलांना तळ्यात बसवू नका. कोणी ऐकायचे. एक लॉरीवाला हसला आणि म्हणाला, "तळं काय तुमच्या बापाचं आहे?"

त्रिपुरसुंदरी कधी येत नसे. एका रविवारी आली. पायरीवर एक तरुण बाई बाळाचे भरलेले लंगोट धूत होती. मी तोंड उघडायच्या आत त्रिपुरसुंदरी खाली उतरली आणि तिच्या शेजारी बसली. ती बाई ओशाळून म्हणाली, "एवढ्या मोठ्या तळ्यात चार लंगोटांनी काय होणार, अक्का?" त्रिपुरसुंदरी शांतपणे म्हणाली, "हे पाणी आमच्या नळाला येतं. माझा मुलगा हेच पीत होता." ती बाई आधी लंगोट पिळतच राहिली. मग तिला त्यातलं 'होता' ऐकू आलं असावं. तिनं लंगोट गोळा केले, बाळाला छातीशी धरलं आणि ती उठली. त्रिपुरसुंदरीनं कळशी भरली, तिला बांधापलीकडे नेलं आणि स्वतःच्या हातानं ते लंगोट धुऊन दिले. ती बाई मग आपल्या सगळ्या माणसांना हाका मारून पायऱ्यांवरून उठवत राहिली. घरी आल्यावर त्रिपुरसुंदरी पहिल्यांदा रडली. मी तिला रडू दिलं.

आता पायऱ्यांवर काटेरी कुंपण आलं आहे. मागच्या आठवड्यातला नमुना चांगला निघाला. तरी आम्ही पाणी खळखळून उकळूनच पितो, आणि तुलाही तेच करावं लागेल.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मुलगी झाली म्हणून तुझे राघोत्तमराव तुला न्यायला आले नाहीत का, असं तू विचारलंस. ते वाचून मी हादरले, कारण आमच्या गप्प राहण्याचा तू असा अर्थ लावशील हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. भवानी, मुलगी झाल्याची तार आली तेव्हा राघोत्तमराव तापानं फणफणले होते. मी ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. मधले काही दिवस आम्ही आशा सोडली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं, की ओल्या बाळंतिणीला ह्यातलं काही कळवायचं नाही. तुला आलेली ती दोन-दोन ओळींची कार्डं त्यांनी खाटेवर पडून लिहिली होती, हात थरथरत होता म्हणून तेवढीच. आता ते घरी आले आहेत. फार वाळलेत, केस गळलेत, पण काल भिंत धरून अंगणापर्यंत चालले. नळाचं पाणी निर्धोक झाल्याशिवाय लेकीला ह्या घरात आणणार नाही, असा त्यांचा हट्ट आहे. मी वचन मोडलं, त्याबद्दल ते काय बोलतील ते बोलोत. तू धावत येऊ नकोस. पोटभर जेव आणि मग त्यांना पत्र लिही. मुलीचं नाव त्यांनी इस्पितळातच ठरवलं आहे. मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

भिंतीपलीकडून तुझी वाट पाहणारी,
तुझीच
जयवंती