निलेशच्या शेअरचा कागद

१२ ऑक्टो.
निलेशच्या कंपनीचं पत्र आलं, परदेशातून. पोरगा जाऊन सव्वा वर्ष झालं, टपाल अजून त्याच्याच नावानं येते. फोटो काढून लेकीले, वैशूले, तिच्या सासरी निर्मल गावाले पाठवला. तिचा फोन, "आई, दादाची कंपनी तिथल्या शेअर बाजारातून निघून राह्यली. २८ नोव्हेंबरपर्यंत शेअरचा असली कागद तिथं पोचला तर कंपनीच शेअर घेते. नाई तर शेअर आपल्याजवळ राह्यतीन, पण घेणारं कोणी भेटत नाई."
"मंग राहू दे नं."
"काऊन?"
सांगितलं नाई. शेअर राह्यले तर त्यायच्या रजिस्टरात त्याचं नाव राहीन. रेशनकार्डातलं तर काढलं.

१५ ऑक्टो.
वैशू खुद आली. तिथले लोक म्हणे घरबसल्या विकतात, आपल्यासारख्या बाहेरच्यांले कागद धाडा लागते. "कागद जपून दादा येनार हाय का, आई?" खरं हाय पोरीचं. हो म्हटलं. भांडाची ताकत नाई. दोघी चहा पिलो.

लक्ष्मीपूजन
सासरे कापडदुकानाच्या नव्या वह्या पाटावर मांडून हळदकुंकू लावत. दुकान गेलं, रीत म्या ठेवली. पासबुकाजवळ शेअरचा कागद ठेवला. बोट ओलंच होतं. निलेशच्या नावावर लावलं, त्याच्या कपाळाले लावाची तसं. रडू आलं नाई. पुऱ्या खाल्ल्या.

२५ ऑक्टो.
कागद कुरियरनं गेला. फार्म आपले हिशोब पाह्यणाऱ्या सीएसाहेबानं भरला, माही फक्त सही. लिफाफा म्या घरूनच चिकटवून नेला होता, त्यायनं उघडून पायला नाई.

१३ नोव्हें.
कागद वापस. नावावर लाल-पिवळे डाग, असा खराब कागद चालत नाई म्हणते कंपनी.
वैशू फोनवर, "आई, मुद्दाम केलं का?"
नाई म्हटलं. मंग मेथी निवडता निवडता विचार केला, खरंच नाई का? मेथी निवडून झाली.

१५ नोव्हें.
आपल्या मावला गावाहून आटोनं शहरात सीएसाहेबाकडं गेली. जुना कागद बाद करा असा अर्ज दिला तर अजून जमते म्हणतात. पण "अम्मा, हा वारसानं स्वतःच्या हातानं भरावा लागतो. मी भरलेला चालणार नाही."

१७ नोव्हें.
दुपारी अर्ज घेऊन बसली. वैशूनं रकाने मराठीत लिहून पाठवले. आपलं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. नातं, आई.
खालचा रकाना, शेअरवाला मयत झाल्याची तारीख.
आतापर्यंत सगळीकडं सीएसाहेबानं लिहिली. नगरपालिकेत जावयानं. म्या कुठंच नाई. या वहीत बी त्या दिवसाचं पान कोरं हाय.
वैशूचा फोन आला. "आई, उद्या सकाळी कुरियरवाला येईन. झालं का लिहून?"
"लिहून राह्यली," म्हटलं.