व्हिएन्ना ते व्हेनिस, सहा बर्थ

नोएडा, सेक्टर ५०
१२ मार्च

प्रिय कुमुद,

झालं! तिकीट झालं! अठरा जून, व्हिएन्ना ते व्हेनिस, रात्रीची गाडी, अख्खा एक कंपार्टमेंट, आणि कन्फर्म! सत्तरीला टेकलेली तुझी ताई परवापासून घरात अशी मिरवते आहे की शेवटी अलका म्हणाली, आई, आता नारळच फोडा. मी म्हटलं, फोडते की, घाबरते का काय! फोडला, आणि शेजारच्या चड्ढाबाईंकडे खोबऱ्याच्या वड्या पोचत्या केल्या. कशाबद्दल म्हणून त्यांनी विचारलं, तर आमचा अविनाश म्हणतो, आंटी, मम्मीने किला फतह किया है.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. पण फोनवर आपण बोलतो तरी काय? बीपी कसं आहे, गुडघे काय म्हणतात, बरं ठेवते मग. एकतीस वर्षं तू दिल्लीला आली नाहीस आणि एकतीस वर्षं मी का म्हणून विचारलं नाही. असो. त्याच्याकडे येतेच, आधी माझा पराक्रम ऐक.

मुलांच्या सुट्टीत युरोपला जायचं अविनाशने ठरवलं. तो, अलका, दोन्ही नातवंडं आणि मी. व्हिएन्नाहून व्हेनिसला विमानानेच जायचं म्हणत होता. मी म्हटलं, अजिबात नाही, रात्रीच्या गाडीने जायचं, नाहीतर मी येतच नाही. हट्टच धरला म्हण ना. तुला अण्णांच्या ऑफिसातलं ते कॅलेंडर आठवतं का गं? बर्फाचे डोंगर आणि त्यांच्यामधून जाणारी लाल गाडी? वर्ष संपल्यावर अण्णांनी ते करोल बागच्या घरात आपल्या पलंगावर लावलं होतं. दर मे महिन्यात पुण्याला जाताना आपण दोघी एकाच वरच्या बर्थवर उलटसुलट झोपायचो, तुझे पाय माझ्या नाकाशी, आणि तू म्हणायचीस, ताई, मोठं झाल्यावर त्या लाल गाडीत झोपायचं आणि वरचा बर्थ माझा. मी काही ते विसरले नाही.

तर अविनाश तीन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसला. चौथ्या दिवशी म्हणाला, आई, गाडी फुल आहे, छोड दो यार. आईला यार म्हणतो मेला! मी म्हटलं, दाखव जरा. चष्मा लावला आणि बघते तर काय, झोपायचे बर्थ नाहीत, बसायच्या सीटा नाहीत, काहीच नाही. सगळी पाटी कोरी. आता तूच सांग, अठ्ठावीस वर्षं रिझर्वेशनच्या खिडकीवर बसलेल्या बाईला हे कळणार नाही? भरलेल्या गाडीत कुठेतरी दाराजवळची एखादी सीट शिल्लक दिसतेच. सगळंच्या सगळं कोरं म्हणजे गाडी भरलेली नाही, खिडकीच अजून उघडलेली नाही! आदल्या दिवशीची गाडी बघितली, नंतरच्या दिवशीची बघितली, त्यांची तिकिटं मिळत होती. फक्त आपल्याच तारखेची विक्री सुरू व्हायची होती. अविनाश म्हणाला, कशावरून? मी म्हटलं, माझ्या पेन्शनवरून.

मग रोज सकाळी आंघोळ, पूजा, चहा आणि लॅपटॉप. माझ्या जुन्या ट्रंकेत आपल्या रेल्वेचे चार कोरे रिझर्वेशन फॉर्म निघाले. त्यातल्या एकावर सगळ्यांची नावं, वयं, गाडीचा नंबर असं पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. फॉर्म भरल्याशिवाय माझा हातच चालत नाही, काय करू! नातवंडं पोट धरधरून हसली. नातू म्हणतो, आजी, वेटिंग लिस्टमध्ये टाक ना नाव. मी सगळीकडे शोधली. अगं, त्या गाडीला वेटिंग लिस्ट नाहीच! असला तर बर्थ, नसला तर नाही. मला तर त्या लोकांची कीवच आली. बिचाऱ्यांनी आशा तरी कशावर ठेवायची?

नवव्या दिवशी पाटी उघडली. घरात मी एकटीच. अविनाशला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. म्हटलं, सुनीती, समोर रांग लागली आहे असं समज. त्यांच्याकडे चौघांचा किंवा सहाजणांचा कंपार्टमेंट असतो, पाचजणांचा नसतो. सुटे पाच घेतले असते तर सहावा कोणीतरी परका आला असता. मी सहाचा अख्खा घेतला, आणि बटण दाबून डोळे मिटले. उघडले तेव्हा तिकीट आलं होतं. कुमुद, मी एकटीच टाळ्या वाजवल्या गं!

आता ते दुसरं. सन चौऱ्याण्णवचा मे. पुण्याला अण्णांचं ऑपरेशन होतं आणि तू सहा महिन्यांच्या श्यामला घेऊन माझ्याकडे आलेली होतीस. तिकीट वेटिंगवर अडकलं. मी तुला सांगितलं, इमर्जन्सी कोट्यासाठी साहेबांच्या हातापाया पडले, पण नाही झालं. ते खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं. उलट साहेब आपणहून म्हणाले होते, बहनजी, अपनों के लिए भी कभी लिखवा लो. आणि मी मान ताठ करून नको म्हटलं. नियमात बसत होतं, खरी गरज होती, तरीही. सगळ्या ऑफिसने म्हणावं ना, सुनीतीताई म्हणजे सोनं! तू सत्तावीस तास दाराशी ट्रंकेवर बसून गेलीस, मांडीवर तापलेलं पोर. गाडी हलताना एवढंच म्हणालीस, ताई, सगळ्या दिल्लीला बर्थ देतेस, मला एक नाही मिळाला. त्यात राग नव्हता, म्हणून तर ते आजवर सलतं. माझं चुकलं, कुमुद. फार चुकलं. माफ कर मला.

आणि आता खरं ऐक. त्या पेन्सिलीच्या फॉर्मवर पहिल्या दिवसापासून सहा नावं होती. तुझ्या पासपोर्टाचा फोटो श्यामने गुपचूप पाठवला, त्याच आपल्या मांडीवरच्या श्यामने. व्हिसाचं तो बघणार आहे, तू फक्त दिल्लीला ये. विमानाने ये, गाडीने ये, पण ये. वरचा बर्थ तुझा ठरला होता हे खरं, पण तुझे गुडघे मला माहीत आहेत, म्हणून खिडकीजवळचा खालचा ठेवला आहे. समोरचा माझा. सोबत तिकिटाची प्रिंट जोडली आहे. सहावं नाव नीट वाच, आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय तेही वाच. कन्फर्म.

तुझीच,
ताई